काकांच्या तोंडून बोलणारी माणसं

आमच्या चुलतसासऱ्यांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या हैदराबादेत नव्हता, आणि त्यांच्याइतकी भीतीही मला आजवर कुणाची वाटलेली नाही. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात ओवा. तरी विद्यानगरच्या आमच्या घरात त्यांना पाहून माणसं पळत, कारण काका प्रश्न विचारत. आमटी झाली की पातळ कुणाला हवी, दाट कुणाला, आणि जो आज जेवायलाच नाही त्याचं काय, अशी साग्रसंगीत चौकशी करूनच पानावर बसायचे. एकदा बेगम बाजारात चिंच आणायला गेले आणि दुकानदाराचीच उलटतपासणी घेऊन आले. त्या बिचाऱ्याला दुकान नको होतं, गाणं शिकायचं होतं, हे सगळं कळलं. चिंच मात्र तिथेच राहिली. सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि दिलसुखनगरात जिन्याजिन्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. जो तो अमेरिकेला निघालेला. अशाच एका क्लासात काका शिकवत आणि लग्न होऊन पुण्याहून आलेली मी त्यांची विद्यार्थिनी. प्रोग्रॅम लिहिण्याआधी नेमकं काय हवंय ते लोकांकडून काढून घ्यायचं, आणि ते सचोटीने करायचं, हा त्यांचा विषय. बाकीचे मास्तर फळ्यावर चौकोन काढत. काका खुर्ची ओढून आमच्यासमोर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "ज्याची माहिती कॉम्प्युटरात भरणार, तो मी. विचारा." मग त्यांच्या तोंडून कधी पेन्शनवाली विधवा बोले, कधी रेशनकार्डवाला, तेलुगूत नाहीतर हैदराबादी दखनीत, भलत्याच आवाजात. पहिल्या दिवशी आम्ही खुदुखुदु हसलो. पण ती विधवा नवऱ्याच्या सदऱ्याच्या तुटक्या बटणाबद्दल सांगायला लागली आणि आमचं हसू कुठल्या कुठे पळालं. तास संपला की काका ओवा चघळत विचारायचे, "काय म्हणाली गं ती?" त्यांना काही आठवत नसे. म्हातारबुवा मुरलेले नट आहेत, अशी मी माझी समजूत करून घेतली.

मग मला एका कारखान्याचं काम आलं. त्यांना माणसं कमी करायची होती. ज्यांचे खाडे जास्त ती नावं आपोआप वर येतील असा प्रोग्रॅम करून द्या, नोकरी तुमचीच, असं मॅनेजर म्हणाला. मला ती नोकरी इतकी हवी होती की झोप लागत नव्हती. इंजिनिअर होऊन मी घरी आमटी ढवळत बसले होते! प्रोग्रॅम लिहिला, झकास चालला. पण काकांचा नियम असा की प्रोग्रॅम देण्याआधी त्यांच्या खुर्चीपुढे यायचं. कारखान्याबद्दल मी त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता. एकदाची कटकट मिटू दे म्हणून मी विचारलं, एवढे खाडे का करता?

काकांचा डावा खांदा हळूहळू खाली झुकला. "भट्टी के बाजू खडा रहता मैं, म्याडम. धुआँ छाती में बैठता, तो घरकू बैठता. शौक से नई बैठता."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. वर आलेली सगळी नावं भट्टीवरच्या माणसांची निघाली. तिथे मॅनेजरने कधी पाऊल टाकलं नव्हतं आणि मीही नाही. धुरात एक माणूस खोकत उभा होता, डावा खांदा झुकलेला. मी त्याला तोच प्रश्न विचारला. त्याने तीच वाक्यं म्हटली, त्याच आवाजात, मध्ये तिथेच श्वास घेऊन. मी तशीच मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं, हे कामचुकार नाहीत, तुमच्या भट्टीने आजारी पडलेत. तो म्हणाला, तुम्हाला प्रोग्रॅम करायला सांगितला होता. मी प्रोग्रॅम दिला नाही. नोकरी गेली ती गेलीच. वर आमच्याच वर्गातल्या एकाने तो चटकन लिहून दिला आणि भट्टीवरची माणसं घरी बसली. खोकणाऱ्या त्या माणसाचा मी पुष्कळ तपास केला. कुणाला काही माहीत नव्हतं.

त्यानंतर काका खुर्चीवर बसले की त्यांच्या तोंडून कुणी बोलेना. नुसता खोकला यायचा, खोल, कोंदलेला. पुढे तो घरीही यायला लागला. जन्मात विडीला हात न लावलेला हा माणूस. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. सासूबाई ज्येष्ठमधाचे काढे उकळत राहिल्या. मला तो खोकला कुणाचा ते ठाऊक होतं, पण बोलायची हिंमत होत नव्हती. एका दुपारी काढा घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि एकदम मनात आलं, जगाला विचारत फिरलेल्या या माणसाला काय हवंय, हे आम्ही कधी विचारलंच नाही. मी विचारलं. काका गोंधळले. मग, त्या माणसाबद्दल मी कधी काही सांगितलेलं नसताना, अगदी स्वतःच्या आवाजात म्हणाले, "काढा नको देऊस, सूनबाई. हा खोकला गेला तर त्या माणसाचं कुणीच उरणार नाही."

मी काढा मोरीत ओतला. सासूबाईंना सांगितलं, काका प्यायले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मलाही पुढे नोकरी लागली, चांगली लागली. पण घरी असले की दुपारी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबते आणि कान देऊन ऐकते. आत काहीच ऐकू येत नाही. एवढ्या शांततेत मला फार एकटं वाटतं.