चटका न बसणारी बोटं

मे संपत आला की लालबागच्या बाजारात डाग पडलेले हापूस स्वस्त व्हायचे. गिरणीतून परतताना वडील ते पिशवीभर आणायचे आणि आई मुरांबा करायची. आम्ही भावंडं त्याला ऐटीत जाम म्हणायचो, कारण पावाला फासून खायचो.

पाक झाला की नाही हे आई बोटांनी बघायची. थेंबभर पाक चमच्यावर घ्यायची, फुंकर मारायची, मग अंगठा नि तर्जनीत धरून तार सुटते का ते बघायची. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी लालबाग दणाणत होतं, त्या काळात एका वर्षी मात्र ती फुंकर मारायलाच विसरली. उकळता पाक सरळ बोटांवर घेतला आणि म्हणाली, "बघ गो बाय, तार इली!" मला केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्या दिवशी नळावर मी फुशारकी मारली, "माझ्या आईला चटकाच बसत नाही." बायका हसल्या. शेजारच्या काकी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचे दीर महारोगाने गेले होते.

"अजिबात नाही? सुई टोचली तरी?"

मी मूर्ख कार्टी घरी येऊन खरंच टोचली. आई तांदूळ निवडत होती. करंगळीतून रक्त आलं, तरी ती निवडतच राहिली. तांदळावर लाल दिसलं तेव्हा तिला वाटलं, सुपाची काडी लागली. मी धावत जाऊन काकींना सांगून आले.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेऊन घरीच राहू द्या. चाळीला ते पटलं नाही. मोर्च्यात आईचा हात धरून चालणाऱ्या बायका आता आमच्या दारावरून पदर आवरून जायच्या. महाराष्ट्र एक करायला निघाल्या होत्या म्हणे! महिन्याभरात वडिलांनी आईला इस्पितळात नेऊन ठेवलं. मुरांब्याची बरणी त्यांनी मोरीत ओतली. मला त्यांचा फार राग आला, पण खरं सांगते, तो मुरांबा चाखायची भीती मलाही वाटत होती.

आई परत घरी आलीच नाही. भेटायला गेलं की लांब बसायची, मुरांबा संपला का विचारायची, आणि दर वेळी एकदा तरी म्हणायची, "चाळीत कोणी सांगल्यान गो?"

मी म्हणायची, ठाऊक नाही.