परदेशी पाकिटांचं टेबल

सुरतेत, उधन्याच्या कुरिअर ऑफिसात मी झाडू मारायला लागले, तेव्हा परदेशी जाणारी पाकिटं टेबलावर पडलेली असत. बघून बघून मला गावांची नावं ओळखता यायला लागली. शाळा माझी चौथीपर्यंतच, तीही मराठी. पण लंडनचं पहिलं अक्षर पाय लांब करून बसलेल्या बाईसारखं, अँटवर्पचं झोपडीसारखं. शेठने ते पाहिलं आणि मला स्टुलावर बसवलं, पगार वाढवला. दोन वर्षं पाकिटं देशवार मीच लावली. शेठ म्हणायचे, "आ अमारी फॉरेन मॅडम!" मी मान खाली घालायचे, पण घरी जाईपर्यंत ते कानात राहायचं.

मग आयकराचे साहेब आले. शेठच्या भावाची दुबईत कंपनी होती. पाकिटं लावायचं काम तीच करते असं दाखवून शेठ तिला पैसे पाठवत. खर्च वाढला की नफा कमी, कर कमी. हे मला त्या दिवशी कळलं.

"काम इथंच होत असेल तर भावाला पैसे कशाचे?" साहेबांनी विचारलं. "या बाई टेबलावर काय करतात?"

"आ तो झाडूवाळी छे, साहेब. एने तो वांचतां पण नथी आवडतुं." म्हणजे मला वाचताही येत नाही.

साहेब आपल्याकडचेच निघाले. चार पाकिटं पुढे ठेवून मराठीत म्हणाले, "लावा ताई, भिऊ नका."

शेठ नुसते माझ्याकडे बघत होते. नवऱ्याचा लूम बंद पडलेला, घर माझ्या पगारावर चाललेलं. मी लंडनचं पाकीट दुबईच्या खणात टाकलं. अँटवर्पचं उलटं धरून बघत बसले.

मागे मुनीम फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. "राहू द्या," म्हणाले आणि उठले.

शेठने पेढे मागवले. मला दोन मिळाले.

दुसऱ्या दिवशी स्टूल नव्हतं. टेबल मागच्या खोलीत नेलेलं. पगार पुन्हा झाडूवालीचा.

"शेठ, काम तर तेच आहे," मी कसंबसं म्हटलं.

"साहेब परत आवे तो? तने तो वांचतां नथी आवडतुं ने!"

मुनीम पोट धरून हसला.

पुढे तीन वर्षं मी उभ्यानेच पाकिटं लावली. झाडू टेबलाला टेकवलेला असे. बाहेर अनोळखी पाऊल वाजलं की हातातलं पाकीट टाकून तो उचलायचा. जरा उशीर झाला की शेठ पुढच्या खोलीतून ओरडत, "मॅडम, झाडू!"