जगतापबाईंना लावलेलं विशेषण

पाच आठवड्यांपूर्वी, सकाळी मेथी निवडत बसले होते तेव्हा हडपसरहून फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. "सुनंदाबाई का? मी विमलआत्याचा भाचा बोलतोय. आत्या पहाटे गेली... झोपेतच. कुणाकुणाला कळवायचं ते तिनं लिहून ठेवलं होतं, त्यात तुमचं नाव आहे." मी "येते" एवढंच म्हणाले. भाजी तशीच वर्तमानपत्रावर ठेवली, हात धुतले आणि रिक्षा पकडली. विमल जगताप, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या जगतापबाई, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. वय झालं होतं, तब्येत कुरकुरत होती, तेव्हा बातमी अनपेक्षित म्हणता येणार नाही. तरी रिक्षात बसल्यावर मला रस्ता दिसेना.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्याच खुर्चीवर काळा चष्मा लावलेले, काठी दोन्ही हातांत धरलेले देशमाने सर बसले होते. मी त्यांना ओळखलं आणि मागच्या दारानं घरात गेले. गेली चाळीसेक वर्षं मी या माणसाला असंच टाळत आले होते. का, ते सांगितल्याशिवाय बाईंबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

शहरातल्या एका जुन्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा जगतापबाई तिथे इंग्रजी शिकवत होत्या. हडपसर तेव्हा अर्धं गाव, अर्धं कारखान्यांचं होतं. त्यांच्या वडिलांची भाजीची शेती होती. शिक्षकांच्या खोलीत बाकी बहुतेक मंडळी पेठांमधली, मीसुद्धा. इंग्रजी हा आपल्या घरचा विषय आणि तो शिकवायला या बाई बसनं येतात, ही गोष्ट काहींना पचत नसे. मी रुजू झाले त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ शिक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो बाई, हडपसरला इंग्रजीही पिकतं का?" बाईंनी डब्यातली भाकरी मोडत उत्तर दिलं, "पिकतं. फक्त पाणी जास्त घालावं लागतं." खोलीत कुणी हसलं नाही. मी हसले, आणि आमची मैत्री तिथून सुरू झाली. पुढे मी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांच्या आई मला बघून आत ओरडून सांगत, "इमल, तुझी पुण्याची बाई आली हाय गं." आणि वर्गात इंग्रजीचा एकेक उच्चार तोलून करणाऱ्या आमच्या बाई तितक्याच मोकळेपणी आईशी तिच्या बोलीत बोलत.

मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, हे संस्थेची कार्यकारिणी ठरवणार होती आणि तिन्ही ज्येष्ठ शिक्षकांबद्दल मावळत्या मुख्याध्यापकांनी गोपनीय अभिप्राय लिहून दिले होते. त्या दिवसांत लेखनिक रजेवर होते. माझं अक्षर चांगलं म्हणून कार्यालयातली कामं माझ्याकडे आली होती, आणि तो कागद मी वाचला. वाचायला नको होता, पण वाचला. एकाबद्दल लिहिलं होतं, हुशार पण हट्टी. दुसऱ्याबद्दल, प्रकृतीनं नाजूक. जगतापबाईंबद्दल एकच विशेषण होतं, 'प्लायेबल'. मी शब्दकोश काढला. पहिलाच अर्थ होता लवचिक. मला इतका आनंद झाला की मधल्या सुट्टीची वाट न पाहता मी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाई, तुम्हीच होणार. तुमचं कौतुक केलंय हेडसरांनी. लवचिक म्हटलंय."

"इंग्रजीत काय म्हटलंय?"

मी सांगितलं. त्यांनी स्पेलिंग विचारलं. मी तळहातावर पेननं लिहून दाखवलं. त्या माझ्या तळहाताकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पुसून टाक ते. मुलं बघतील."

संध्याकाळी बसथांब्यापर्यंत सोबत जाताना त्यांनी मला तो शब्द समजावला. चामड्याला लावला तर ते कौतुक आहे, म्हणाल्या. तारेला, मातीला, वेताच्या कांबीला लावला तरी कौतुक. लहान मुलाच्या मनाला लावला तर त्यात दोष नाही, काळजी असते. पण पोक्त माणसाला लावला, की त्याचा अर्थ होतो, हा हवा तसा वळवून घेता येतो. "हेडसरांना चांगलं म्हणायचं असतं ना, तर त्यांनी 'फ्लेक्सिबल' लिहिलं असतं. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे. चुकून लिहिणार नाहीत."

मला राग आला. मी म्हणाले, "मग तुम्ही नाही म्हणा."

"का म्हणू? सेवेत सगळ्यांत जुनी मी आहे. जागा माझ्या नोकरीची आहे, विशेषण त्यांचं आहे." आणि मग, बस दिसू लागल्यावर, "पण वाईट वाटलं गं... वीस वर्षं काम केलं त्यांच्या हाताखाली," एवढं म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गाबाहेर मी माझ्या तासाची वाट बघत उभी होते. बाईंनी टेबलावर वेताची छडी, तेल लावलेला चपलेचा पट्टा आणि घरून डब्यात आणलेला कणकेचा गोळा मांडला होता. फळ्यावर तीन शब्द होते, फ्लेक्सिबल, सपल आणि प्लायेबल. मुलांनी तिन्हींपुढे लवचिक लिहिलं होतं. "तिन्हींना एकच उत्तर? मग त्यांनी तीन शब्द कशाला ठेवले असतील?" असं म्हणून त्यांनी छडी वाकवली आणि सोडली. छडी सरळ झाली. पट्टा हाताभोवती फिरवला, त्याला कुठे सुरकुती पडली नाही. मग कणकेच्या गोळ्यात अंगठा रुतवला आणि गोळा वर्गात फिरवायला दिला. शेवटच्या बाकापर्यंत तो गेला तेव्हा त्याच्यावर चाळीस अंगठे उमटले होते. बाईंनी गोळा डब्यात ठेवला. "आता तिन्ही शब्दांची वाक्यं करा. शब्दाचा अर्थ एकट्यानं राहत नाही, तो कुणाबरोबर हिंडतो ते बघत चला," म्हणाल्या आणि घंटा झाली.

त्या मुख्याध्यापिका झाल्या. पहिली दोन वर्षं कार्यकारिणीचे चिटणीस खूश होते, कारण बाई बहुतेक गोष्टींना हो म्हणत. स्नेहसंमेलनाची तारीख बदलायची, बदला. पाहुणे यायचेत, मुलांना रांगेत उभं करा, केलं. येरवड्याहून चालत येणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पहिल्या तासाची वेळ पाऊण तास पुढे ढकलली आणि त्या बदल्यात चिटणिसांच्या तीन भाषणांना टाळ्या वाजवल्या. मला वाटायचं, अभिप्राय खराच होता की काय.

मग प्रयोगशाळेत तो अपघात झाला. गॅसची रबरी नळी चिरली, भडका उडाला आणि दहावीतल्या एका मुलीचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. विज्ञान शिकवणाऱ्या देशमाने सरांनी चार महिन्यांपूर्वीच लेखी तक्रार केली होती. ते पत्र मला तोंडपाठ होतं, कारण त्याची स्वच्छ प्रत मीच लिहून दिली होती. सरांनी लिहिलं होतं, नळी खराब झाली आहे. मी सुचवलं होतं, "सर, 'नळी ताठरली असून तिची लवचिकता गेली आहे' असं लिहू या." सर म्हणाले होते, "वा. शास्त्रीयही आहे आणि मराठीही." पत्र संस्थेकडे गेलं आणि तिथेच पडून राहिलं.

मुलीचे वडील शिक्षण खात्याकडे गेले. चौकशी लागली. चिटणिसांनी एक निवेदन तयार करून आणलं. शिक्षकाच्या निष्काळजीपणानं अपघात झाला आणि नळीबद्दल कोणतीही तक्रार आधी आलेली नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. त्यावर मुख्याध्यापिकेची सही हवी होती आणि दोन शिक्षकांची साक्ष. मला त्यांनी कार्यालयात एकटीला बोलावलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. घरात यजमान आजारी, मुलगी तीन वर्षांची. चिटणीस धमकावत बोलले नाहीत. "तुमची कायम होण्याची फाइल माझ्याकडेच आहे, बाई. बघू या," एवढंच म्हणाले आणि पेन पुढे केलं. असं पत्र माझ्या पाहण्यात आलेलं नाही, या वाक्याखाली मी सही केली.

दुपारी तोच कागद जगतापबाईंपुढे गेला. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत होते, दार उघडं होतं.

"यावर मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"विचार करा. आजवर तुम्ही संस्थेचं सगळं ऐकलंत."

"ऐकलं. ते ऐकण्यासारखं होतं."

"आम्हांला तुमच्याबद्दल वेगळं सांगण्यात आलं होतं."

"माहीत आहे मला काय सांगण्यात आलं होतं ते."

आवाज चढला नाही. बाईंनी आवक नोंदवही उघडून सरांच्या पत्राची नोंद दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बसनं जाऊन ती वही चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. सर निर्दोष सुटले, पण शाळेत परत आले नाहीत. हडपसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. बाईंना कामकाजातल्या कसल्याशा त्रुटी दाखवून पदावरून काढलं आणि येरवड्याच्या शाखेत पाचवीच्या वर्गावर धाडलं. तिथून त्या निवृत्त झाल्या. मी कायम झाले. पुढे काही वर्षांनी मुख्याध्यापिकाही झाले, त्याच खोलीत, त्याच टेबलामागे.

त्या सहीबद्दल बाई मला कधी बोलल्या नाहीत. त्यांना माहीत होतं, कागदावर माझी सही त्यांनी पाहिली होती. तरी माझ्या मुलीच्या लग्नाला त्या दोन दिवस आधी येऊन राहिल्या. यजमान गेले तेव्हा तेरा दिवस रोज आल्या. मी दर महिन्याला हडपसरला जात राहिले, आणि प्रत्येक वेळी घरातून निघताना ठरवायची की आज विषय काढायचा. गेल्या दिवाळीनंतर काढला. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मी मोसंबं सोलत होते.

"बाई, तुम्ही मला बोलला का नाहीत कधी?"

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "ते होय." त्यांनी उशी सारखी केली. "बोलले असते, तर तू माझ्यापाशी रडली असतीस, आणि तुझं मन हलकं झालं असतं. पण सही काही माझ्याविरुद्ध नव्हती, सुनंदा."

"आता इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगू त्यांना?"

"ते मला काय विचारतेस?" असं म्हणून त्यांनी मोसंब्याची फोड मागितली. आमचं त्या विषयावरचं बोलणं एवढंच.

बाईंच्या तेराव्यानंतर मी बिबवेवाडीला देशमाने सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. सरांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. नाव सांगितल्यावर त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पत्राची प्रत मीच लिहिली होती, तरी पाहिलं नाही म्हणून सही केली, भीतीनं केली, आणि नंतर ती मागे घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

"चौकशीत मला सगळ्या कागदांच्या प्रती दिल्या होत्या," सर म्हणाले. "तुमची सही पाहिली मी तेव्हाच. फार वळणदार होती."

सुनेनं पाणी आणून ठेवलं.

"रागावलो होतो. कितीतरी वर्षं. आता ते सगळं आठवायला बसलो, तर आठवतं, पण पूर्वीसारखं नाही आठवत." मग काठीनं चाचपून त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "बसा. ती बाईंची जागा आहे. दर गुरुवारी यायच्या. माझे डोळे गेल्यापासून इंग्रजी पेपर वाचून दाखवायच्या, अगदी दोन महिन्यांपूर्वीपर्यंत."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. खुर्चीच्या हातावर अजून त्यांचा चष्मा पुसायचा कपडा घडी करून ठेवलेला होता. शेजारच्या तिपाईवर त्या दिवसाचा पेपर होता, न उघडलेला.

"वाचता येईल तुम्हांला?" सरांनी विचारलं.

मी पेपर उघडला. माझं इंग्रजी बेताचंच. पहिल्या बातमीच्या दुसऱ्या ओळीत एका शब्दाला अडखळले, कसाबसा उच्चारला. सरांनी हात वर केला.

"बाई तसं म्हणत नसत," ते म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द बाईंसारखा, हळू आणि तोलून म्हणून दाखवला. "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटला. आज तिसरा गुरुवार.