पाण्यावरचा कोंडा

मोहोपाड्याच्या आमच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा गोदामाचे एक कारकून रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या मागे येऊन उभे राहत आणि कुठली ओळ काय करते ते विचारत. त्यांची पोशीर गावी भातशेती. यंत्राला मात्र त्यांनी तोवर कधी बोट लावलं नव्हतं.

त्या दिवशी माझा प्रोग्राम कामगारांच्या यादीतलं पहिलंच नाव पुन्हा पुन्हा छापत सुटला. वैतागून मी सगळं पुसायला निघालो.

"पुसतोस कशाला रं?" मागून कारकून म्हणाले. " खेकड्यानं बांधाला कुठं भोक पाडलंय कळत नाय, तवा आमी पाण्यावर कोंडा सोडतो. कोंडा जाईल तिथं भोक. तुझा मोजायचा आकडा दर फेरीला छापून बघ."

छापला. एक, एक, एक! आकडा वाढवायची ओळच मी लिहिली नव्हती. ती घातली आणि यादी शेवटपर्यंत सरसर उतरली. मी ओरडलोच.

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले, एका बोटानं कळ दाबून यादी पुन्हा छापली आणि स्वतःचं नाव आल्यावर कॉलर ताठ केली.