शेजारच्या कपाटातला कोट

माझा वकिलीचा काळा कोट आमच्या घरात कधी राहिलाच नाही. मालाडच्या कोळीवाड्यात आमचं घर, आई बाजारात मासळी विकते. सुक्या बोंबलांचा वास आमच्या कपड्यांत, उशांत, माझ्या वह्यांतसुद्धा मुरलेला. त्यापायी कॉलेजात मी कायम मागच्या बाकावर बसायचे. हे मी आईला कधी बोलले नव्हते, पण तिला कळलं असावं. सनद मिळाली तेव्हा तिने कोट शिवून घेतला आणि शिंप्याकडून थेट गल्लीपलीकडच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंच्या कपाटात नेऊन टांगला. जजसमोर वास नको, एवढंच म्हणाली.

मग रोज सकाळी बाईंकडून कोट घ्यायचा, संध्याकाळी परत ठेवायचा. रविवारी आई लिंबाने हात चोळचोळून धुवायची आणि बाईंच्या गॅलरीत बसून त्याला ब्रश मारायची.

अंधेरीच्या कोर्टात मी दोन वर्षं काढली. सिनियरांच्या मागे फायली धरून उभं राहायचं, तारीख घ्यायची, घामाने निथळत बाहेर पडायचं. बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. कागदातली गडबड मात्र मला चटकन दिसायची. शेवटी कांजूरमार्गच्या एका कंपनीत करार तपासायची नोकरी धरली.

आमच्या वर्गातले तरी कुठे सगळे कोर्टात टिकले? एक जण बोरिवलीत प्रवेश परीक्षेचे क्लास घेतो. एक मैत्रीण मानखुर्दला बायकांच्या संस्थेत आहे. वर्गात सगळ्यांत जोरात भांडणारा तर बँकेत मान खाली घालून कागद चाळतो. त्यांच्या घरच्यांनी ते पचवलं. माझी आई मात्र टोपलीमागे बसून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, पोरगी कोर्टात उभी राहते. तिचं हे सुख हिरावून घ्यायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी चक्क फसवत राहिले. सकाळी कोट घ्यायचा, ऑफिसातल्या कपाटात टाकायचा, संध्याकाळी जसाच्या तसा बाईंकडे. असे तीन महिने गेले. रविवारी तिला ब्रश मारताना बघितलं की मला स्वतःची लाज वाटायची.

अशाच एका रविवारी तिने ब्रश खाली ठेवला आणि कोटाची कॉलर नाकाशी धरली. ताजं काय नि शिळं काय, हे जन्मभर वासावर ओळखलेली बाई.

"ह्याला घामाचा वास नाय गो," ती म्हणाली. "कवापासून कोर्टात जात नाय तू?"

मी सगळं सांगून टाकलं. रडलेही. तिने विचारलं, तिथे उभं राहून बोलावं लागतं का, कोट घालावा लागतो का. मी नाही म्हटलं. मग दिवसभर करतेस काय, म्हणाली.

"तू माशाचा कल्ला उचलून बघतेस ना, तसं मी कागद बघते. कुठे खराब आहे ते."

तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही, पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "गावतं तुला?"

"गावतं."

तिने मान हलवली. कोट हातावर टाकला, बाईंना जाते म्हणून सांगितलं आणि घराकडे चालू लागली. मी मागून. घरात शिरल्यावर तिने तो स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला अडकवला, बोंबलांच्या डब्याच्या बरोबर वर.

आई, वास लागेल, मी म्हटलं.

"लागू दे. आता घरातच राहील तो."

ती चहा टाकायला आत गेली. मी कॉलर नाकाशी धरून पाहिली. अजून वास लागला नव्हता. तो लवकर लागावा असं मला फार वाटलं.