एका ‘शॅल’साठी

"तुमचं एक्स्चेंज एसीशिवाय चालतं यात नवल ते काय?" समितीचे अध्यक्ष हॉटेलच्या खिडकीकडे हात करून मला म्हणाले. "इथली हवाच एवढी सुंदर आहे!"

खिडकीबाहेर बंगलोरचा डिसेंबर होता. मी जन्माने नागपूरची. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. पण हे यांना कसं पटवायचं? त्यांनी पाहिलेला भारत म्हणजे विमानतळ, एम. जी. रोड आणि हे पंचतारांकित हॉटेल.

"सर, ते एक्स्चेंज आम्ही इथे नाही चालवलं. चंद्रपूरकडच्या एका गावात चालवलं. पत्र्याच्या खोलीत, अख्खा उन्हाळा."

"वाचला मी तुमचा रिपोर्ट," ते हसून म्हणाले. "इंटरेस्टिंग."

अशा समित्यांमध्ये ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ‘नाही’.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बंगलोरला एका सरकारी कंपनीत टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या विभागात इंजिनियर होते. एक्स्चेंज म्हणजे गावातले सगळे फोन एकमेकांना जोडणारं यंत्र. मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजला थंड खोली लागते. आम्ही खेड्यासाठी छोटं एक्स्चेंज बनवलं होतं, गोदरेजच्या कपाटाएवढं. त्याला एसी लागत नव्हता. कमी वीज खायचं, कमी तापायचं, आणि वीज गेली की बॅटरीवर चालायचं. खेड्यात वीज जाते हे आम्ही गृहीतच धरलं होतं.

त्याच सुमारास एका आंतरराष्ट्रीय समितीने ग्रामीण एक्स्चेंजसाठी स्टँडर्ड लिहायला घेतलं. स्टँडर्ड म्हणजे यंत्र कसं असावं याचे सगळ्या देशांनी मान्य केलेले नियम. ते मानायची सक्ती नसते असं म्हणतात. पण परदेशी कर्जातून होणाऱ्या प्रत्येक खरेदीच्या टेंडरमध्ये पहिली अट तीच असते. त्यामुळे सक्ती नसून असते.

स्टँडर्डच्या भाषेत दोन शब्द महत्त्वाचे. ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे. ‘शुड’ म्हणजे केलेलं बरं. मसुद्यात लिहिलं होतं, ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलित खोलीत बसवलं पाहिजे. शॅल. आमचं एक्स्चेंज एका शब्दात बाद.

आम्हाला तिथे ‘शुड’ हवं होतं. बस्स.

अध्यक्ष एका मोठ्या परदेशी कंपनीत नोकरीला होते. ती कंपनी एक्स्चेंज विकायची आणि त्याबरोबर थंड खोलीही विकायची. मसुदाही त्यांच्याच कंपनीत लिहिला गेला होता. मी माझे बॉस राममूर्ती सर यांना विचारलं, "सर, हे चालतं?"

"चालतं, मॅडम," ते म्हणाले. "लिहायला माणसं आणि वेळ त्यांच्याकडेच आहे. म्हणून तेच लिहितात."

"आणि आपण?"

"आपण जेवण ठेवतो." त्या वर्षी बैठकीचे यजमान आम्हीच होतो.

मत देऊन निर्णय व्हायचे नाहीत. कोणी आक्षेप घेतला नाही की मान्य, अशी पद्धत. आक्षेप घ्यायचा अधिकार फक्त देशाच्या प्रतिनिधिमंडळाच्या प्रमुखाला. आमचे प्रमुख होते दिल्लीहून आलेले जॉइंट सेक्रेटरी, माथुर साहेब. मी त्यांना मसुदा, आमच्या चाचण्या, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. प्रश्नही नेमके विचारले. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मिसेस खानझोडे, वह एसीवाला मुद्दा हम नहीं उठाएँगे."

"का सर?"

त्यांनी आवाज खाली आणला. ही समिती ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेची होती, तिच्या कौन्सिलवर भारताला जागा हवी होती. पुढच्या वर्षी निवडणूक होती. अध्यक्षांच्या देशाने पाठिंबा देऊ म्हटलं होतं. दिल्लीहून निरोप आला होता, पाहुण्यांशी वाद नको, आक्षेप घेऊ नका.

"सर, कौन्सिलवर बसून आपण काय करणार?"

"विकसनशील देशांची बाजू मांडणार," माथुर म्हणाले. तोंडावरची रेषही हलली नाही.

मी कप खाली ठेवला. ठेवला नसता तर फुटला असता.

संध्याकाळी बनशंकरीला घरी पोचले. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "आपल्या देशाने आपल्याच देशाविरुद्ध गप्प बसायचं ठरवलंय." तो बँकेत होता. त्याला काही विशेष वाटलं नाही. "वाढू का?" म्हणाला.

कार्यक्रमात पहिल्यांदा एक दुपार आमच्या चाचण्या दाखवायला ठेवली होती. मंत्रालयाने ती काढली आणि त्या अख्ख्या दिवसाची म्हैसूरची सहल घातली. राजवाडा, चंदन, रेशीम. सगळे बसमध्ये चढले. एक गृहस्थ मात्र लॉबीतच बसून राहिले. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचे प्रतिनिधी, मिस्टर ओकेलो. जाड भिंगाचा चष्मा, आणि हातात माझा रिपोर्ट.

"हे खरं आहे?" त्यांनी पानावर बोट ठेवून विचारलं. "पंचावन्न डिग्री?"

"बघायचंय?"

ऑफिसच्या गाड्या सगळ्या म्हैसूरला गेलेल्या. आम्ही ऑटो केली. पीण्या या बंगलोरच्या औद्योगिक भागात आमच्यासाठी सर्किट बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथे आमचा हॉट चेंबर होता, म्हणजे यंत्र आत ठेवून तापवायची भट्टी. रस्ता खोदलेला होता. ऑटोवाला दर दोन मिनिटांनी मागे वळून "स्वल्प लेट आगुत्ते, मॅडम" म्हणायचा. थोडा उशीर होईल, हे कळायला ओकेलोंना कानडी यायची गरज पडली नाही.

चेंबरच्या काचेतून एक्स्चेंज दिसत होतं. आतला काटा पंचावन्नवर. बाहेर टेबलावर त्याला जोडलेला फोन. ओकेलोंनी फोन उचलला आणि माझ्या ऑफिसचा नंबर फिरवला. पलीकडून राममूर्ती सर ओरडले, "हॅलो, यारु? कोण?" मी कारखान्याच्या मालकांना खूण केली. त्यांनी मेन स्विच बंद केला. दिवे गेले, पंखे थांबले. फोनमध्ये राममूर्ती अजून "यारु? यारु?" करत होते.

ओकेलोंनी फोन हळूच खाली ठेवला.

"आमच्याकडे गावच्या एक्स्चेंजला एसी आहे," ते म्हणाले. "एसीला जनरेटर आहे. जनरेटरला डिझेल नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हे सभेत का बोलत नाही?"

"मी इंजिनियर आहे. आक्षेप प्रमुखांनी घ्यायचा असतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा सगळं समजले. "आमच्या मंडळाचा प्रमुख मीच आहे," ते म्हणाले. "मी एकटाच आलोय."

शेवटच्या दिवशी मसुदा सभेपुढे आला. अध्यक्ष भराभर कलमं वाचत होते. "आक्षेप? नाही. मान्य. आक्षेप? नाही. मान्य." एसीचं कलम आलं तेव्हा ओकेलोंनी देशाच्या नावाची पाटी उभी केली. तिथे बोलायचं असलं की पाटी उभी करतात.

ते पाच-सहा वाक्यं बोलले. पीण्यात काय पाहिलं तेवढंच. अध्यक्ष गोड हसले.

"माननीय प्रतिनिधींचे आभार. पण यंत्र भारताचं आहे, आणि भारताने काही म्हटलेलं नाही. एकाच देशाचा आक्षेप असेल तर तो आपण इतिवृत्तात नोंदवू आणि पुढे जाऊ. की भारताला काही म्हणायचंय?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी माथुर साहेबांच्या मागच्या खुर्चीत होते. मला फक्त त्यांची मान दिसत होती. आक्षेप घ्यायचा नाही, असा लेखी हुकूम त्यांच्या खिशात होता.

माथुर साहेबांनी माइक सुरू केला. चष्मा पुसला. मग अस्सल सरकारी इंग्रजीत म्हणाले, "भारताला या कलमावर आक्षेप नाही."

मी डोळे मिटले.

"त्याचप्रमाणे," ते पुढे म्हणाले, "माननीय प्रतिनिधींच्या आक्षेपालाही भारताचा कोणताही आक्षेप नाही. तो अत्यंत योग्य आहे असं भारताचं मत आहे."

सभागृहात हसू फुटलं. मग आणखी एक पाटी उभी राहिली. मग तिच्या शेजारची. बहुतेक उष्ण देशांच्या. पाट्या मोजायच्या फंदात अध्यक्ष पडले नाहीत. त्यांनी सभा थांबवली आणि कोपऱ्यात चर्चा सुरू झाली. ‘शुड’ला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. ‘शॅल’ राहिलं, पण पुढे पाच शब्द आले: जिथे वीज अखंड असेल तिथे.

माझ्या माहितीतलं एकही खेडं त्यात बसत नव्हतं. मला ‘शुड’पेक्षा हे जास्त आवडलं.

बाहेर पडताना माथुर म्हणाले, "तुम्ही त्या गृहस्थांना काय सांगितलंत, मला विचारायचं नाही."

"त्यांनी इंजिनियरिंगचा प्रश्न विचारला, सर. मी उत्तर दिलं."

"मैंने कुछ नहीं सुना," ते म्हणाले आणि गाडीत बसले. त्यांना दिल्लीत त्याची किंमत मोजावी लागली. काही महिन्यांत त्यांची बदली मत्स्यव्यवसाय विभागात झाली. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं: ‘इथे सगळे विषय पाण्याखाली असतात, त्यामुळे शांतता आहे.’

कौन्सिलची निवडणूक आपण हरलो. पाठिंबा देऊ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यालाच मत दिलं.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी आपल्याच खात्याचं ग्रामीण एक्स्चेंजचं टेंडर निघालं. त्यात अट होती, वातानुकूलित खोली अनिवार्य. कोणीतरी बैठकीआधीचा जुना मसुदा उतरवून काढला होता. मी आणि राममूर्ती सर दिल्लीला खेटे घालत राहिलो. या टेबलावरून त्या टेबलावर. ती अट रद्द झाली तोवर ओकेलोंच्या देशात आमची एक्स्चेंज बसून फोन वाजायला लागले होते, आणि चंद्रपूरच्या त्या गावाच्या शेजारची गावं अजून वाट पाहत होती.

नंतर नवे इंजिनियर अशा बैठकांना निघाले की मला सल्ला विचारायचे. मी सांगायचे: समोरचे काय म्हणणार हे मसुदा वाचून कळतं, त्याची चिंता करू नका. आपल्या बाजूचे काय म्हणणार आहेत, ते मात्र निघायच्या आधी दिल्लीला फोन करून विचारून घ्या.