कपाटातली दोरी

हमीदभाई दोरी हातात घेतली की आधी तिचा वास घ्यायचे. आपण सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून दूध नासलंय का बघतो ना, तसं. मग ती बोटांतून सोडत सोडत शेवटापर्यंत जायचे, मधेच थांबायचे आणि विचारायचे, "काल कुठं होती ही?" जणू दोरी म्हणजे उशिरा घरी आलेला नवराच.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीत, एका जुन्या गोदामाच्या भिंतीपाशी. एका हौशी मास्तरांनी त्या भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्या ठोकून पोरांना चढायला शिकवायचा वर्ग काढला होता. माझी नात सानिका कॉलेजला बारामतीत जाते, राहते आमच्याकडं भवानीनगरला. तिनं घरात सांगून टाकलं की मला भिंत चढायला शिकायचंय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, आधी आईला बघून येऊ दे, ती हो म्हणाली तर जा. म्हणजे पोरगी टांगणार दोरीला आणि दोरी टांगलेली माझ्या होकाराला.

आता मी आहे जन्माची संशयी. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघितल्याशिवाय मी पिशवी पुढं करत नाही. त्यात तिथं जाऊन बघते तर ढगळ पायजमा, पिकलेली दाढी आणि दोरी हुंगणारा हा माणूस. सगळ्या सामानाची जबाबदारी म्हणे यांच्याकडं. मी सरळ विचारलं, तुमी कधी चढलाय का या भिंतीवर?

"न्हाय वैनी," ते म्हणाले, "मला उंचीची लई भीती वाटती. म्हणून तर दोऱ्या माझ्याकडं दिल्यात."

होकार मी दिला, पण अर्धाच. दर रविवारी सानिकाबरोबर मी बसनं जाणार आणि बाकावर बसून राहणार, अशी अट घातली. पोरीनं तोंड वाकडं केलं, पण कबूल झाली.

हमीदभाई मूळचे कऱ्हाटीचे. उभी हयात एका साखर कारखान्यात गेली, गव्हाणीच्या क्रेनवर. उसाच्या गाड्या आल्या की मोळ्या वायररोपनं बांधून क्रेननं उचलायच्या आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला नेणाऱ्या हौदात, सोडायच्या. ते रोप तपासायचं काम यांचं. एकदा एक रोप तुटला. अख्खी गाडीभर मोळी जिथं पडली तिथं घटकेपूर्वी एक माणूस उभा होता, तो नेमका तंबाखू मागायला बाजूला गेला होता. त्या रोपाला हमीदभाईंनीच सकाळी 'चालतंय' म्हटलेलं. हे सांगताना ते कधी हसले नाहीत. "त्याला तंबाखूनं वाचवलं," म्हणायचे, "मी न्हाय."

तेव्हापासून त्यांचा कुठल्याच वस्तूवर भरवसा उरला नव्हता. हेल्मेट पोराच्या हातून निसटून फरशीवर जोरात आदळलं की ते बाद. वरून तडा दिसू दे नाहीतर न दिसू दे. "डोकं फुटल्यावर तडा दिसून काय करायचं?" चढायचे बूट एवढे घट्ट की पोरं पहिल्या दिवशी रडकुंडीला यायची, तर म्हणायचे, सैल बुटाला खुंटी कळत नाही. आणि चढणं राहिलं बाजूला, पहिले दोन रविवार त्यांनी सगळ्यांना नुसतं पडायला शिकवलं. जाड गादीवर, दोनतीन हातांवरून. गुडघे वाकवून पडायचं, हात मागं टेकायचा नाही, मनगट जातं. मी बाकावरून बघत होते आणि मनात म्हणत होते, पडायला शिकवायला माणूस कशाला लागतो.

त्यांची एक रीत मात्र मला पहिल्यापासून आवडली. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, त्यालाच दोरी जोडतात. दर रविवारी हमीदभाई तो स्वतःच्या अंगावर चढवून उभे राहायचे आणि त्यात मुद्दाम एक खोट ठेवायचे. कधी पट्ट्याचं टोक बकलातून उलटं परत ओवलेलं नसायचं, कधी गाठ अर्धी. म्हणायचे, "शोधा." ज्याला खोट सापडेल तो त्या दिवशी पहिला चढणार. पोरं त्यांच्याभोवती अशी फिरायची, जसं बाजारात बैल घ्यायला आलेत.

"माझ्यावर इश्वास ठेवू नका," ते पोरांना सांगायचे. "मी म्हातारा हाय, लबाड बी हाय. हात लावून बघा."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. वर्गाची दोरी जुनी झाली होती, म्हणून माझ्या मुलानं पुण्याहून नवीकोरी आणून दिली, निळी, पिवळ्या ठिपक्यांची. रविवारपर्यंत ती सांभाळायला माझ्याकडं होती. घरात रंगकाम चाललेलं, कपाटं सगळी खोल्यांच्या मधोमध ओढलेली. रंगाचे डाग पडतील म्हणून मी ती दोरी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेऊन फळीवर ठेवली. त्याच फळीवर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ठेवलेली असते. मला वाटलं, दोरीच ती, तिला काय होतंय.

रविवारी मी ऐटीत पिशवी पुढं केली. हमीदभाईंनी दोरी काढली, नाकाला लावली आणि नाक तिथंच ठेवलं. मग विचारलं, "वैनी, कुठं होती ही?"

का कोण जाणे, पण सगळी पोरं बघत होती, सानिका बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कपाटात."

"कपाटात व्हय," ते म्हणाले. परत एकदा वास घेतला. अर्धी दोरी बोटांतून सोडली, एका जागी थांबले, खिशातून चाकू काढला आणि माझ्या मुलानं आणलेली कोरी दोरी सगळ्यांदेखत कापली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात सगळा हिशेब जुळवला. या माणसाचं कुठल्यातरी दुकानदाराशी साटंलोटं असणार, आमची दोरी बाद केली की त्याची दोरी खपणार. मी तसं मास्तरांना बोलूनही दाखवलं, हमीदभाईंना ऐकू जाईल असं. मास्तर ओशाळले. हमीदभाईंनी कापलेल्या टोकाचं निळं वेष्टण मागं सारलं, आतला पांढरा पेड सुटा केला आणि माझ्या हातात दिला. "ओढा," म्हणाले.

मी ओढला. तो लोकरीच्या धाग्यासारखा तुटला. दुसरा दिला, तोही तुटला. वरून दोरी अजून नवरीसारखी दिसत होती.

सानिका माझ्या शेजारीच उभी होती. त्या दिवशी खोट तिनंच शोधली होती, पहिली तीच चढणार होती.

हमीदभाई माझ्याकडं न बघता पोरांकडं वळले. सांगितलं, बॅटरीचं ॲसिड, नुसता शिंतोडा किंवा ओल लागली तरी दोरी आतून मरती आणि वरून कळत न्हाय. खत, फवारणीचं औषध, डिझेल, कशाच्याच शेजारी ठेवायची न्हाय. आपल्याकडं प्रत्येकाच्या घरी शेड हाय, ध्येनात ठेवा. एवढंच. ॲसिड कुठून लागलं असेल, हे कुणीतरी विचारलंही, तर म्हणाले, दोरी लांबून आलीया, वाटंत काय काय भेटलं आसंल.

मी घरी गेले आणि जेवले नाही. खरं काय ते सानिकाला सांगायचं धाडस मला झालं नाही. पण पुढच्या रविवारपासून बाकावर बसून हमीदभाईंवर नजर ठेवायचं मी सोडलं. डब्यात त्यांच्यासाठी दोन भाकरी जास्त यायला लागल्या, आणि हमीदभाई त्याही आधी उलटून बघितल्याशिवाय खात नव्हते. मी म्हणायचे, भाऊ, भाकरीला तरी सोडा.

पुढं दीड वर्ष असं चाललं. सानिका माकडासारखी चढायला लागली. आणि या उन्हाळ्यातला एक रविवार. हमीदभाई नेहमीसारखे हार्नेस घालून उभे राहिले. आदल्या महिन्यापासून सुईत दोरा ओवायला ते पोरींना हाक मारत होते, ते माझ्या लक्षात आलं होतं. "शोधा," ते म्हणाले.

सानिकानं कमरेचा पट्टा पकडला. "बकलातून परत ओवला नाही, मामा."

"शाबास. चढ तू."

ती हलली नाही. दोरी अडकवायच्या कडीवर तिनं बोट ठेवलं. त्या कडीचं लॉक फिरवून बंद करायचं असतं. "आणि हे लॉकपण उघडंय. आज दोन खोटी ठेवल्यात का?"

हमीदभाईंनी खाली बघितलं. कडी डोळ्यांजवळ नेली, बोटानं चाचपली. पोरं हसत होती, त्यांना वाटलं नवा खेळ आहे. पण त्यांचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की त्यांनी एकच ठेवली होती.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "आता माझ्यावरच संशय आला. उद्यापास्नं दुसरा माणूस बघा."

मला राहवलं नाही. मी बाकावरून उठले. म्हटलं, भाऊ, ते लॉक मघाशी माझ्याच हातून फिरलं असंल, ते सामान इथं माझ्याजवळच पडलं होतं, मी उगीच हात लावत बसले होते.

हमीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. दीड वर्षापूर्वी दोरी नाकाशी धरून बघितलं होतं तसंच.

"वैनी," ते म्हणाले, "एकदा ती दोरी कपाटात ठेवलीत, मी गप बसलो. आता ही कडी तितं ठेवू नका."

मग त्यांनी अंगावरचा पट्टा सोडला, खिशातला चाकू काढून सानिकाच्या हातात दिला आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

बसमध्ये सानिकानं विचारलं, "आजी, कुठली दोरी कपाटात?"

भवानीनगर येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं.